लुगड्याच्या काठाची पट्टी

ह्यांची सायकल काळी, जुनी, चेनकव्हर नसलेली. पावसाळ्यात कव्हरात चिखल भरून चेन अडायची, म्हणून ह्यांनीच ते काढून ठेवलं होतं. हे वैशाखरे गावात भातगिरणीत कामाला जायचे. रस्ता खडीचा आणि चेन ढिली. खड्डा आला की चेन उडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पाइपावर आपटायची. संध्याकाळी तो खटखट आवाज वाटेवरच्या चिंचेपर्यंत आला की मी चहाचं पाणी ठेवायची.

एकदा ह्यांनी मला खाली बसवून दाखवलं. चेन आपटून पाइपाचा रंग गेला होता, लोखंडाला खाच पडली होती.

"इथं जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळाय पायजे. नायतर पाइप कापत जाईल."

पण भाताची लावणी आली आणि ते राहून गेलं.

सायकलवाल्याचं दुकान आमच्या गावातच, पाराजवळ. मागितला असता तर त्याने ट्यूबचा तुकडा तसाच दिला असता. पण तिथे सदा पुरुष बसलेले. मी दोनदा दुकानावरून गेले आणि न बोलता परतले. मग घरातल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला, पाइपाला घट्ट गुंडाळला आणि वरून सुतळी बांधली. आवाज थांबला. हे आले ते दारात सायकल टेकल्यावरच कळायला लागलं.

"बरं केलंस गो," हे म्हणाले. गिरणीतले लोक चेष्टा करायचे, "काय रे, सायकलीला पण लुगडं नेसवलंस?" हे घरी येऊन ते मला सांगायचे आणि मी तोंड फिरवून हसायची.

तीन पावसाळे पट्टी राहिली. कॅरियरवर कधी युरियाची गोण असायची, ती पावसात भिजली की तिचं पाणी खाली पट्टीवर गळायचं. त्यानंतरच्या माघात हे काविळीने गेले.

मुलगी त्या उन्हाळ्यात सातवी पास झाली. गावात शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल वैशाखऱ्याच्याही पुढे, आणि एसटीची वेळ जुळत नव्हती. माझी शाळा चौथीत सुटलेली. हिने दहावी करावी एवढं एकच ह्यांच्या मनात होतं. "सायकल हाय ना," असं अंथरुणातूनही म्हणायचे. म्हणून मी तिला घेऊन पहिल्यांदा त्या दुकानात गेले. चाकात हवा भरायची, सीट खाली करायची, एवढंच काम होतं.

सायकलवाल्याने सगळं तपासताना सुतळी कापली आणि पट्टी उलगडली. शेवटचा वेढा पाइपाला चिकटला होता, तो गंजाच्या पापुद्र्यासकट सुटला. त्याने तिथे पेचकस टेकवला, तर तो आत गेला.

"वैनी, हिच्यावर पोरीला बसवू नका. वेल्डिंगची झाळ मारून देईन, पण उतारावर भरवसा नाय."

तो हळू आवाजात म्हणाला, "कापड पाणी धरून ठेवतं. मी त्याला किती वेळा बोललो, काढ ते, ट्यूब लावून देतो. तर बोलायचा, राहू दे रे, घरच्यांनी बांधलंय."

मुलगी बाहेर पारावर बसली होती. तिला हे ऐकू गेलं नाही.

आठवीला ती पायी जायला लागली. दोन महिने गेली. भादव्यात तिला ताप आला, महिनाभर हटला नाही, आणि नंतर ती गेलीच नाही. मीही फार म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

आता ती शहापूरला सासरी असते. मागच्या दिवाळीला आली तेव्हा तिच्या मुलाची नवी सायकल अंगणात उभी होती. ती बघत तिने विचारलं, "आई, बाबांची सायकल कशानं गो खराब झाली? चांगली होती ना?"

"जुनी झाली होती," मी म्हणाले आणि भांडी घासायला उठले.