गळा राखणारे हिलालआबा

फांदीला कोयता लावण्याआधी हिलालआबा तिच्या बुडाशी तळहात ठेवून क्षणभर थांबत. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, त्याला ते झाडाचा गळा म्हणत. "गळा राखीसन काप रे भाऊ, मंग जखम भरस." साक्रीकडच्या डोंगरात शेळ्यांसाठी पाला तोडता तोडता ते हे शिकले होते. धुळ्यात ते नगरपालिकेचे माळी होते. मी पत्रकं छापणारा विद्यार्थी, त्यांच्या आठ कडुनिंबांच्या रस्त्यावर खोली घेऊन राहत होतो.

एकदा मंत्री येणार म्हणून ओव्हरसियर साहेबांना साक्षात्कार झाला, की स्वागताची कमान लांबून दिसली पाहिजे. "शेंडे उडवा सगळे!"

"साहेब, शेंडा उडावा ते झाड मझारथून सडस."

"आतून सडतं म्हणे! आबा, तुम्ही माळी आहात, डॉक्टर नाही."

भोवतालचे कारकून हसले. साहेबांच्या विनोदाला हसणं एवढंच काम ते वेळेवर करत. आबांनी कोयता साहेबांच्या बुटांपाशी ठेवला. "मंग तुम्हीच चढा."

आबांची रवानगी गटारींवर झाली. मजुरांनी कुऱ्हाडीनं झाडं बोडकी केली आणि बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारले. मुंडकं उडवायचं आणि पाय रंगवायचे, ही यांची सौंदर्यदृष्टी! मंत्री मोटारीतून आले आणि काच खाली न करताच गेले.

पुढे थोटकांवर फुटव्यांचे झुबके आले. "बघा, कशी डेरेदार!" साहेब मिरवू लागले. आबांनी शिडी लावून एका थोटकात काठी खुपसली. ती हातभर आत गेली. "वर लगीन, मझार मयत," ते म्हणाले आणि खालच्या सायकलवाल्याच्या मागे लागून त्याची टपरी हलवली. वैशाखातल्या वादळात फांदी कोसळली ती त्याच रिकाम्या जागेवर.

साहेबांनी काय करावं? आठही झाडं 'धोकादायक' ठरवून तोडली. रोग यांनी लावला आणि फाशी रोग्याला दिली!

आबांच्या निवृत्तीचा समारंभ त्याच रस्त्यावर झाला, भर दुपारी. सावलीसाठी मांडव घालावा लागला. आबा बाहेर उन्हात उभे.

"आबा, सावलीत या की," साहेब म्हणाले.

"मनी सावली तुम्ही तोडी टाकी. हाई कापडनी तुमलेच ऱ्हाऊ द्या."

जाताना त्यांनी मांडवाच्या खांबाला हात लावला. खांब कडुनिंबाचा होता. फांदी छाटलेल्या जागी तळहात ठेवून ते सवयीनं थांबले.

तिथे गळा नव्हता.