वहाणा बाहेर

महाडच्या मामलेदार कचेरीत मी नवा कारकून असताना आमचे अव्वल कारकून गोऱ्या साहेबाच्या हाताखाली तयार झालेले होते. साहेब विलायतेला जाऊन वर्षं लोटली, तरी कोटाचं वरचं बटण लावल्याशिवाय हे मामलेदारांच्या खोलीत पाऊल टाकत नसत. दारात शेतकरी आला की मान वर न करता म्हणत, "वहाणा बाहेर. तिथंच उभा राहा." आवाजात राग नसे, म्हणूनच मला जास्त चीड येई.

पुढे नव्या मामलेदारांनी लोकांसाठी व्हरांड्यात बाक ठेवलं. ते यांना शेवटपर्यंत खुपलं.

निवृत्तीनंतर अव्वल कारकून स्वतःच्या पेन्शनच्या कामासाठी कचेरीत आले. पायरीशी बूट काढून भिंतीला लागून उभे राहिले. बाकावर बसलेला उमरठ गावचा एक म्हातारा सरकला.

"बसा ना, भाऊसाहेब. जागा हाय."

"नको. आता मी रयत. कचेरीत रयतेनं उभं राहावं."

म्हातारा ओशाळून उठला. मग एकेक करत सगळेच उठले. मामलेदार बाहेर येऊन म्हणाले, "अहो, बसा, बसा!"

कुणीच बसलं नाही.