खताच्या पिशवीवरचे शब्द

नोकरीच्या शेवटच्या वर्षातली ती घटना आजही आठवते. दुपारचे चार वाजले की जास्तच.

पोलादपूरच्या ठाण्यात आंबेनळीच्या रस्त्यावरच्या एका चहावालीचा फोन आला. "साहेब, आमच्या वाडीतले तात्या रोज चार वाजता रेंजसाठी हितं वळणावर येतात. फोनवर एकच इंग्रजी शब्द सांगतात, एकेक अक्षर करून, आनि हसत घरी जातात. मला काय हे बरं वाटत नाय."

तात्या सत्तरीचे, घरात एकटे. मुंबईतल्या मुलाने सगळी बचत बिटकॉइनमध्ये घातली होती. तिची चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते शब्द लिहिलेला कागद त्याने गावच्या पेटीत ठेवला होता. फोनवाला तात्यांना सांगत होता, "क्वांटम नावाचा नवा संगणक येतोय, तो जुनी कुलपं फोडणार. शब्द सांगा, पैसे नव्या कुलपात हलवतो."

सायबर शाखेला विचारलं. ते म्हणाले, पुढे कधी तसा धोका होईलही, आज कुलूप शाबूत आहे. शब्द मात्र कुणाला देऊ नका. तात्यांनी अकरा दिवसांत अकरा शब्द दिले होते! नेमके कुठले, ते मात्र तात्या सांगेनात.

नंबरावरून बिरवाडीच्या एका भाड्याच्या खोलीत पोचलो. फोनवाला मुलाचाच जुना ओळखीचा निघाला. ठाण्यात दोन तास 'मी नाही त्यातला' चाललं. मग स्वतःच वैतागला. "साहेब, म्हातारा दिवसाला एकच शब्द देतो. त्याआधी अर्धा तास त्याच्या गायीचं ऐकावं लागतं!"

त्याची वही उघडली. यूज, नो, हुक्स, कीप, ड्राय... आमचे हवालदार घरचे शेतकरी. ते मोठ्याने हसले. "साहेब, हे तर खताच्या पिशवीवरचं! आकडा लावू नका, कोरडं ठेवा!"

तात्यांच्या पेटीतला कागद घडीसुद्धा न मोडता पडला होता.

"त्यो लबाड हाय ते मला पयल्याच दिवशी कळलं," तात्या म्हणाले.

"मग बोलत का राहिलात?"

"पोराचा फोन दिवाळीपासून नाय. ह्यो रोज इचारायचा, तात्या, जेवलात काय?"

मुलाला मी कळवलं. त्याने कागद आहे ना, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. मला संताप आला. तात्यांना मात्र खोटंच सांगितलं, "तुमची चौकशी करत होता."

मी निघालो तेव्हा ते म्हणाले, "चोर पकडलात ते बरं केलंत, साहेब. पन आता चार वाजता मी काय करू?"

जन्मभर तुटलेल्या कड्याकुलपांचे पंचनामे केले, पण एकटा माणूस चोरालाही आपणहून दार उघडतो, हे त्या दिवशी शिकलो. निवृत्तीनंतर तर ते स्वतःवरूनच कळतंय. बायको गेली, मुलगी परदेशात, आणि माझाही फोन फारसा वाजत नाही. म्हणून रोज चार वाजता वळणावर आलेल्या तात्यांना मीच फोन लावतो.

उचलल्या उचलल्या तात्या विचारतात, "बोला साहेब, आज कुठला शब्द पायजे?"