पेटीचा दमा

माझी सून दवाखान्यात लोकांचे दात साफ करते आणि सुट्टीच्या दुपारी कॉम्प्युटरवर गाणी रचते. तिची आई गेली, मग घर बदलताना आईची पेटीही हरवली. तोच आवाज परत मिळावा म्हणून ती फुकटातले प्लगइन उतरवून बसवत असते. प्लगइन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं वाद्य, एवढं मला कळलं. एकवीस बसवून झाले, एकही पटेना.

"हाही नाही, अहो आई. सूर बरोबर आहे, पण आमची पेटी नाही."

"यातली ती खरखर दर वेळी बंद का करतेस गं?"

"आवाज स्वच्छ हवा ना."

"दात आहेत का ते? तुझ्या आईच्या पेटीला दमा होता. भाता फाटका, सुराआधी धाप लागायची. शेजारी होतो तेव्हा भिंतीपलीकडून रोज ऐकलंय मी."

ती हसली. खरखरीचं बटण तिनं हळूच वाढवलं. आधी श्वास आला, मागून सूर. ऊन जमिनीवरून सरकत होतं आणि विहीणबाई जणू दारात चपला काढत होत्या.

मी उगीच सावरून बसले.