धुऱ्यावरची बाभूळ आणि सरकारी सिनेमा

"दादा, हे बाभूय तूनं वाचवली, तं तुले इथंच गाडीन!"

काका ओरडत होते. आवाज असा, की सेलूच्या बाजारातले बैल दावी तोडून थेट वर्धा स्टेशनात शिरले असावेत. समोर त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे बाबा, फावडं उगारून उभे. काकांची जीभ घसरली असं कोणाला वाटेल. नाही. भांडण झाड वाचवण्यावरूनच होतं.

वाटणीत वावरं वेगळी झाली, पण मधल्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ कोणाची, ते ठरलंच नाही. बाबांना तिच्या लाकडाचा वखर करायचा होता, काकांना बंडीची चाकं. दोघंही एकमेकांच्या कुऱ्हाडीवर पहारा ठेवून होते आणि त्या पहाऱ्यावर बाभूळ मजेत वाढत होती.

मग या भांडणाच्या आदल्या संध्याकाळी सरकारची सिनेमागाडी सेलूला आली. पडद्यावर एका दुष्ट माणसानं झाडं तोडली, पावसानं वावरातली माती वाहून नेली, विहीर आटली, ढोरं मेली. बाबा इतके रडले की मैदानात चिखल झाला. काका त्या चिखलात बसून रडले. दोघंही पार सुधारून घरी आले, आणि तिथंच घात झाला.

सकाळी बाबा बाभळीला मातीची भर घालायला गेले, तर काका आधीच घालत होते. माझ्या झाडाला हात लावू नको, असं बाबा म्हणाले. तोडायला टपलेल्यानं वाचवायची भाषा करू नये, असं काका म्हणाले. मग ती गाडायची धमकी आली आणि बाबांचं फावडं काकांच्या खांद्यात रुतलं. काकांनी डोक्यानं बाबांचा जबडा फोडला. फावडी हातची सुटली तशी दोघांनी बाभळीच्याच काटेरी फांद्या मोडून घेतल्या. मी सोडवायला मधे पडलो, तर दोघांनी मिळून मला झोडपलं. वाटणीनंतर त्यांनी एकत्र केलेलं ते पहिलंच काम. एक फांदी तुटली की दुसरी, खालच्या संपल्या तशा वर चढून वरच्या. रक्त इतकं सांडलं की त्या साली धुऱ्यालगतच्या ओळींत कापूस गुलाबी फुटला.

पुढे वर्ध्याच्या थेटरात जगण्याचे धडे देणारे सिनेमे मी पुष्कळ पाहिले. रडलो, बाहेर येऊन चहा प्यालो, विसरलो. अंगाला लागला तो सिनेमागाडीतला हा एकच. पडद्यावर झाड तोडणारा दुष्ट होता. दोन चांगल्या माणसांच्या तावडीत झाड सापडलं तर काय होतं, ते काही सरकारनं दाखवलं नव्हतं.

त्या सकाळी दोघांना एकाच बंडीत घालून मी वर्ध्याच्या दवाखान्याकडे निघालो. काकांचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी चाचपत बाबांचा हात धरला आणि बाभूळ वाचली ना, असं विचारलं.

बाबांनी तोंडातलं रक्त बंडीबाहेर थुंकलं.

"खोड हाये."