बहात्तर दीपगृहांचा गेम

घड्याळात सेल घालण्याची घड्याळजींची एक पद्धत होती आणि छत्तीस वर्षांत ती बदलली नव्हती. आधी जुना सेल काढायचा. मग सेलचं घर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, आतल्या पत्र्याच्या पट्ट्या ब्रशने साफ करायच्या आणि घड्याळ दहा मिनिटं तसंच उघडं ठेवायचं. नवा सेल त्यानंतर. शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने बारीक आकड्यांत तारीख कोरायची. बाजारातले बाकीचे लोक गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या सेल टाकून देतात, यावर ते नाक मुरडत. "सेल काढला म्हणून घड्याळाचं काय जातं? काटे थांबतात. पुन्हा लावून द्यायचे," असं ते सांगत.

वय एकसष्ट. उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा कायमचा वण. हाताला कंप नाही. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर घड्याळजींना उठता येत नसे. शेजारी चष्मेवाला, मध्ये प्लायवूडची भिंत, त्यामुळे एकमेकांची शिंकसुद्धा चुकत नसे. भिंतीवरच्या चाळीस घड्याळांतलं एखादं अडखळायला लागलं, तर घड्याळजींना ते मान वर न करता कळायचं.

एका सोमवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती तीन तासांवरच्या शहरात नोकरी करते. तिच्या ऑफिसातल्या सात-आठ जणांनी जुन्या व्हिडिओ गेमचा अड्डा जमवला होता. प्रत्येकाने आपले आवडते पाच गेम आणायचे, खेळून दाखवायचे आणि मग कुणाची यादी चांगली यावरून भांडायचं. घरात तिचा लहानपणचा काळा खोका होता, टीव्हीला जोडायचा, वरून पुस्तकाएवढ्या जाड कॅसेट खोचायच्या.

"रविवारी येते न्यायला. आठवडाभराने परत आणून देईन, आईला सांगितलंय," ती म्हणाली. "कॅसेट तेवढ्या काढून ठेवा, बाबा. लिहून घ्या. एक नंबर मोटारींच्या शर्यतीचा. दोन, वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा. तीन, बेडकाचा. त्याचा शेवट भिकार आहे, पण मला आवडतो. चार बॉक्सिंगचा. आणि पाच, दीपगृहांचा."

"तो पाचवा का?"

"तो माझ्याच्याने कधी झाला नाही. पण चित्रं काय सुंदर आहेत. लोक भांडतील त्याच्यावरून."

आईला कशाला सांगायला हवं होतं, एवढाच प्रश्न घड्याळजींच्या मनात येऊन गेला. गिऱ्हाईक आलं आणि तो विरला.

बुधवारी बाजार बंद असतो. बायको सकाळी बँकेत गेली. घड्याळजींनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि पाच कॅसेट ओळीने मांडल्या. मुलीसमोर वस्तू धुळकट जाऊ नये, एवढाच हेतू होता. स्क्रू काढून पाहिलं तर तीन कॅसेटच्या आत सेल निघाले. बटणासारखे गोल, सोल्डरने जोडलेले. तेवीस वर्षांपूर्वीचे. घड्याळजींना गंमत वाटली आणि थोडा धक्काही बसला. इतकी वर्षं आपल्याच घरात आपल्या धंद्यातली वस्तू होती आणि आपल्याला पत्ता नव्हता. हे सेल कुठल्याही दिवशी मान टाकतील, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. त्यांनी दुकान उघडून नवे सेल आणले, सोल्डरिंगची कांडी तापवली आणि नेहमीच्या पद्धतीने काम केलं. जुना सेल काढला. जागा पुसली. दहा मिनिटं ठेवलं. नवा जोडला. आतल्या बाजूला तारीख कोरली.

बाराला बायको आली. छप्पन्न वर्षांची, बारीक चणीची, कमी बोलणारी. एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर तिने बावीस वर्षं काम केलं होतं. कुणाला कुठल्या वॉर्डात जोडून द्यायचं हे तिला आवाजावरून कळायचं. सतरा वर्षांपूर्वी तिथे आपोआप जोडणारं यंत्र आलं, तिला घरी बसावं लागलं. त्याच वर्षी मुलगी शिकायला वसतिगृहात गेली. तेव्हापासून बायको घरी होती आणि दुपारी झोपायची. निदान घड्याळजी तसं सांगायचे. दुपारी दोननंतर घरी फोन केला तर आठ-नऊ वेळा घंटी वाजल्यावर उचलला जायचा. त्यावर त्यांचा एक ठरलेला विनोदही होता. तो ते पाहुण्यांसमोर करायचे.

"बघ," ते टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले. "तिन्हींचे सेल बदलले. आता आणखी वीस वर्षं बघायला नको."

बायकोने पिशवी खाली ठेवली. चप्पल काढायची राहिली होती. टेबलावर एका बशीत तीन जुने सेल होते, त्यांच्याकडे तिने पाहिलं.

"काढले?"

"काढल्याशिवाय नवे कसे बसतील?"

ती टीव्हीकडे गेली. खोका ओढला, मागची वायर न बघता खोचली, दीपगृहांची कॅसेट बसवली आणि खटका दाबला. कंट्रोलर हातात घेऊन तिने चार बटणं इतक्या झपाट्याने दाबली की घड्याळजींना तिची बोटं वेगवेगळी दिसली नाहीत. हीच बाई टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे देऊन "तुम्हीच लावा" म्हणायची. ते तिच्या हातांकडे बघत राहिले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

पडद्यावर तीन चौकटी होत्या. तिन्ही रिकाम्या. खाली एकच ओळ लुकलुकत होती, नवा प्रवास सुरू करा.

"हे काय आहे?" घड्याळजींनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तेच तर."

मग तिने सांगितलं. आवाज चढला नाही, टेलिफोनवर वॉर्ड नंबर सांगावा तसा. त्या गेममध्ये एक होडी असते. काळोखा समुद्र, बहात्तर बेटं, प्रत्येक बेटावर एक विझलेलं दीपगृह. एकेक दिवा लावायचा, मग तिथवरचा समुद्र दिसायला लागतो. कुठवर पोचलो ते कॅसेट लक्षात ठेवते. ते लक्षात राहतं त्या सेलच्या जिवावर. सेल निघाला की कॅसेट कोरी.

"तू खेळायचीस?"

"दोन ते चार. बुधवार सोडून. बुधवारी तुम्ही घरी असता."

"कधीपासून?"

"सतरा वर्षं."

घड्याळजी खुर्चीवर बसले. अशा वेळी माणूस जे बोलू नये ते बोलतो तसं ते बोलले. "मग लावू ना पुन्हा. मी मदत करतो. बहात्तर दिवे म्हणजे काय, महिनाभरात लावून टाकू."

बायको त्यांच्याकडे वळली. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा धक्का तिने तेव्हा दिला.

"दिवे तिसऱ्या वर्षीच लावून झाले होते," ती म्हणाली.

"सगळे?"

"सगळे."

"मग चौदा वर्षं रोज काय करत होतीस?"

"फिरत होते. आज या बेटावर, उद्या त्या. काही बेटांवर माणसं असतात, रोज तेच बोलतात. पूर्वेकडे एक धक्का आहे, तिथे नुसती होडी लावून ठेवली तरी पाण्याचा आवाज येतो." तिने कंट्रोलरची वायर गुंडाळली. "सगळीकडे उजेड होता. कुठेही जाता येत होतं."

तिने खटका बंद केला आणि चप्पल काढायला दाराकडे गेली.

दुपारी घड्याळजी जुने तीन सेल खिशात घालून टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे गेले. बाजार बंद असला तरी त्याचं घर दुकानाच्या वरच होतं. सेल पुन्हा जोडले तर काही परत येईल का, असं त्यांनी विचारलं. मेकॅनिकने आधी ते चेष्टा करताहेत का ते पाहिलं.

"आता कुठून येणार? चिपचा करंट तुटला, सगळं गेलं. बाहेरून दोन वायरींनी करंट चालू ठेवायचा आणि मगच सेल काढायचा, काका. कॅसेटवाले तसंच करतात."

"मला काय माहीत?"

"अहो, तुम्हाला नाही तर कुणाला माहीत असणार? सेलमध्ये तुमचा हात धरणारा नाही कुणी. किती वेळ काढून ठेवला होता?"

"दहा मिनिटं."

"दहा?" मेकॅनिक हबकला. "कशाला?"

घड्याळजींनी सेल परत खिशात घातले. छत्तीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मुलीला फोन करून त्यांनी झालेलं सांगितलं. "आईचा गेला?" एवढंच तिने विचारलं. शर्यतीतले स्वतःचे विक्रमही पुसले गेले, हे तिने ऐकूनही घेतलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"बाबा, वसतिगृहात तिची पत्रं यायची त्यात निम्म्या बातम्या बेटांच्याच असायच्या."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, आई झोपते."

गुरुवारी दुकानात त्यांनी हा प्रकार चष्मेवाल्याला सांगितला. तो निदान तोंडाचा आ वासेल अशी त्यांची अपेक्षा होती. चष्मेवाल्याने हातातली काच पुसायचं थांबवलं. "कुठला गेला, होडीचा?"

"तुला कसा माहीत होडीचा?"

"आमची ही जाते ना कधीमधी दुपारी बघायला. घरी येऊन सांगते, आज वहिनींनी उत्तरेचं बेट दाखवलं, बर्फ होता म्हणे." भिंतीपलीकडून त्याने मान पुढे काढली. "मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार. घड्याळातला धुळीचा कण दिसतो तुम्हाला."

घड्याळजींनी त्या दिवशी एका घड्याळाचा सेकंदकाटा मोडला. असं पूर्वी झालेलं कुणाला आठवत नव्हतं.

दोन वाजता त्यांनी घरी फोन केला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. "बोला," बायको म्हणाली. त्यांनी फोन ठेवला. शुक्रवारी पहिल्या घंटीला. शनिवारी पहिल्या घंटीला. घरात काही बिघडलेलं दिसत नव्हतं. जेवण वेळेवर, बोलणं जेवढ्यास तेवढं, भांडणाचा मागमूस नाही. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटू लागलं. दुपारी दोन ते चार ती आता फोनपाशी बसून असते, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. तिचं काय गेलं ते त्यांना अजून नीटसं समजलं नव्हतं. पण तिने खेळणं सोडलं, तर ते आपल्यामुळे आणि कायमचं, एवढं त्यांना लख्ख कळत होतं.

रविवारी मुलगी सकाळीच आली, दुकान उघडायच्या आधी. खोका तिने नेला नाही. "दुसऱ्या कुणाचा तरी मिळेल," म्हणाली आणि आपल्या चार कॅसेट पिशवीत टाकल्या.

"यादीत पाच होते ना?" घड्याळजींनी विचारलं.

"आता चारच. पाचवा आईचा."

दोघी स्वयंपाकघरात दार लोटून तासभर बोलल्या. एकदा हसण्याचा आवाज आला. घड्याळजी बाहेर वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसले होते.

सोमवारी दोन वाजता त्यांनी फोन लावला. एक, दोन, तीन घंट्या. सहा. नऊ. फोन वाजून वाजून बंद पडला. घड्याळजींनी रिसीव्हर ठेवला. मग त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातात त्याचं उघडं घड्याळ तसंच ठेवलं, "उद्या या" म्हणाले आणि शटर ओढलं. छत्तीस वर्षांत भर दुपारी ते शटर खाली आलेलं बाजाराने पाहिलं नव्हतं. समोरचा चपलांचा दुकानदार धावत आला, कुणी गेलं का विचारायला.

घराचं दार आतून बंद होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, मध्येच एक बारीक शिट्टीसारखी धून. त्यांनी बेल वाजवली. बायकोने दार उघडलं, त्यांना पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बरं नाहीये का?"

"बरं आहे. बसू का?"

तिने जरा विचार केला. सतरा वर्षांतली ही तिची वेळ होती आणि त्यात कधी कुणी पुरुष माणूस बसलेलं नव्हतं.

"बसा. हात लावायचा नाही. आणि मधे बोलायचं नाही."

ते सतरंजीवर बसले. पडद्यावर सगळा काळोख होता, कडेला एक लाकडी धक्का आणि त्याला बांधलेली होडी. गेम होडीचं नाव विचारत होता. बायको एकेक अक्षर पुढे-मागे करून बघत होती, लावत होती, पुसत होती. घड्याळजींना राहवलं नाही.

"आधी काय होतं नाव?"

तिने पडद्यावरची नजर काढली नाही.

"ते तुम्ही पुसलंत," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बायकोने पाच अक्षरांचं काहीतरी नाव लिहिलं. काचेवर पडलेल्या खिडकीच्या उजेडामुळे त्यांना ते वाचता आलं नाही, आणि पुढे सरकून बघायचा धीर झाला नाही. होडी धक्क्यावरून सुटली. तिच्या भोवती हातभर पाणी तेवढं दिसत होतं.

पहिला दिवा लागायला पावणेचार झाले. तोवर चष्मेवाल्याने घड्याळजींच्या तीन गिऱ्हाइकांना परत पाठवलं होतं. मालक आजारी आहेत, असं सांगून.