हरभऱ्याएवढी गाठ

स्पिरिटचा वास आला की धाकट्या बहिणीची ती सुट्टी आठवते. सोलापुरात नर्सिंग शिकणारी ती करकंबला घरी आली होती. आम्हा सगळ्यांना वडिलांच्या पाठीवरच्या लिंबाएवढ्या गाठीचा घोर होता. तिनं ती चाचपली. “मऊ हाय, बोटाखाली सरकती. चरबीची वाटती,” ती म्हणाली. तेवढ्यात आई बोलून गेली, “मलाबी छातीत हाय की, हरभऱ्याएवढी. पण दुखत न्हाय.” बहिणीनं तीही चाचपली. ती गाठ टणक होती, जागची हलत नव्हती. बहिणीचा चेहरा उतरला. “दुखत न्हाय म्हणूनच उद्या दाखवायची.” तपासणीत वडिलांची गाठ साधी निघाली, आईची कर्करोगाची; पण वेळेत काढता आली. परवा आई शेजारणीला ठसक्यात सांगत होती, “डॉक्टरच्या आदी माझ्या पोरीनं वळखली!” मी दारातच थांबून ते पुन्हा एकदा ऐकलं.